फुग्या बेडकाचं डबकं

बेडूक बघायला मी दौंड आणि शिरूरकडे जाऊन आले, हे सांगितलं की आमच्या गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. हसू देत. आमचं गाव वेल्ह्याच्या डोंगरात. पावसाळ्यात खाचरं भरली की बेडकांच्या ओरडण्यात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. बेडूक बघायला एसटीचं तिकीट काढायचं, हे मलाही येडेपणाचंच वाटलं होतं.

पण माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सुनंदा हेच काम करते. पुण्यात कॉलेजात शिकवते आणि सुट्टी मिळाली की वनखात्याच्या जमिनींवर फिरते. कुठं कोणता बेडूक आहे, मागच्या वर्षी होता तो यंदा आहे का, हे बघते. पोरगी परगावी एकटी मुक्काम करणार म्हणून तिच्या आईच्या जिवाला घोर. सोबत कोणाला पाठवायचं, तर जिला घरी कोणी अडवणार नाही तिला. म्हणजे मला. नवरा गेला. सुनेला घरात माझी गरज नाही आणि तिनं तसं तोंडावर सांगितलेलं आहे. मी पिशवी भरली.

एसटीत सुनंदानं मला काम समजावून सांगितलं. तेवढं आधी लिहिते, म्हणजे पुढचं कळेल. एक बेडूक आहे. फुगलेल्या पुरीसारखं अंग, आणि त्याला नंतर चिकटवल्यासारखं बारकं तोंड. वर्षातला बहुतेक काळ तो स्वतःला जमिनीत गाडून घेऊन बसतो. पावसाळ्यात थोडे दिवस वर येतो, माळावर साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो आणि परत मातीत जातो. सुनंदा त्याला फुग्या म्हणते. तिच्या मास्तरांना तो या भागात तीन ठिकाणी सापडला होता. राहूला, कारेगावला आणि कासुर्डीच्या पलीकडच्या माळावर. सुनंदा गेल्या पावसाळ्यात फक्त कासुर्डीकडच्या डबक्यावर पोचली, तिथं तो दिसला, तोही ओझरता. बाकीच्या दोन जागा तिला यंदा बघायच्या होत्या.

आता त्या माळावर वनखातं चर खणून झाडं लावणार होतं. डबक्याची जागाही त्यात आली होती. सुनंदानं पुण्याच्या साहेबांकडे चपला झिजवल्या. शेवटी साहेब म्हणाले, यंदा तो बेडूक तिथं आहे असं आमच्या गार्डला दाखवा, तेवढी खोलगट जागा मी चरांतून सोडतो. बेडूक नाही सापडला तर त्याची पाण्यातली शेपटीवाली पिल्लं दाखवा. पण जिवंत दाखवा.

"आणि नाही दिसली तर?" मी विचारलं.

"मग खणतील," सुनंदा म्हणाली. "जमिनीत बसले असतील त्यांच्यासकट."

राहू

राहूला सुनंदाबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंचं माहेर आहे, तिथं उतरलो. दारापर्यंत ऊस. आमच्याकडे डोंगर आडवा येतो म्हणून लांबचं दिसत नाही, इथं ऊस आडवा येतो. जेवायला हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी होती. चव चांगली होती. जेवण संपताना मी थोडा भात मागितला, तर घरच्या बाई घाबरल्या. "पोट बिघडलं का, मावशी?" म्हणाल्या. इथं भात आजाऱ्याला करतात. आमच्याकडे भात नसला तर माणूस जेवलाच नाही असं धरतात.

ऊन उतरल्यावर ओढ्याकडे गेलो. ओढ्यालगत वनखात्याची एक पट्टी आहे असं सुनंदा म्हणाली. जंगल म्हणून मी झाडं शोधत होते. थोडी वेडी बाभूळ होती, बाकी गवत. कागदावर हे जंगलच आहे, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, कागदावर तर माझं वयसुद्धा चुकीचंच आहे.

तिनं मला बेडूक ओळखायला शिकवलं. कातडी खरखरीत आणि डोळ्यामागं लांबट गाठ असली की तो भेक. पाण्यावरून खापरी भिरकावल्यासारखा टप्पे घेत जातो तो दुसरा. पिवळाधमक होऊन ओरडतो तो मोठा, तो आमच्या खाचरातही असतो. मी आयुष्यभर सगळ्यांना बेडूकच म्हणत आले होते. वेगळी नावं कळून मला काही फायदा झाला नाही, पण वेळ बरा गेला.

बांधावर एक म्हातारा बसला होता. आमचं वाकून बघणं तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "काय भावानं घेता?"

"काय?" सुनंदानं विचारलं.

"बेडकं. मागं मानसं पोती घिऊन यायची. कालेजात कापायला लागत्यात म्हनायची. आमी धरून द्यायचो."

"विकत नाही घेत, आबा. नुसते बघतो."

"बघून काय करता?"

"आहेत का बघतो."

"आन् नसली तर?"

"नाहीत असं लिहितो."

"मंग लिवा," म्हातारा म्हणाला. "कागुद आनला आसंल तर आत्ताच लिवा."

तो चेष्टा करत होता, पण झालं तसंच. टप्पे घेत जाणारे बेडूक ओढ्यात होते. फुग्याची जागा सुनंदाला सापडेना. मास्तरांनी सांगितलं होतं की वनखात्याचा नंबर घातलेला दगडी खांब आहे, त्याच्या अलीकडे खोलगट जागा आहे. आम्ही खांब शोधत फिरलो. शेवटी तो उसाच्या आत सापडला. खांब जागचा हलला नव्हता, ऊसच त्याच्या पुढं निघून गेला होता. खोलगट जागा भरून सपाट केलेली, तिच्यात सरी पाडलेली.

"हे कोणाचं आहे?" सुनंदानं म्हाताऱ्याला विचारलं.

"ऊस हाय," तो म्हणाला. कोणाचा ते त्यानं सांगितलं नाही.

परतताना माझा पाय घसरला आणि मी पाटाच्या चारीत बसले. लागलं नाही, पण एक चप्पल वाहून गेली. एका चपलेचं काय करायचं म्हणून दुसरीही सोडून दिली. घरच्या बाईंनी त्यांच्या नवऱ्याच्या रबरी चपला दिल्या. त्या इतक्या मोठ्या होत्या की पुढचे दिवस मी चपला ओढत चालत होते, आणि जमेल तिथं काढून हातात घेत होते.

कारेगाव

राहूहून कारेगावला कसे गेलो ते लिहीत नाही. बसायला जागा नव्हती, एवढंच त्यात आहे.

कारेगाव हे गाव आहे की बाजार, ते मला कळलं नाही. शेजारी कारखाने आले आहेत. रस्त्यावर सगळी तरणी माणसं. म्हातारं माणूस दिसलं की लोक वळून बघतात. आम्ही शमीमभाभींकडे उतरलो. त्यांचे सासरे गावोगाव फिरून गाद्या भरायचे. आता भाभींनी घरामागं पत्र्याच्या खोल्या काढल्यात आणि कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. माझ्याशी मराठी बोलतात, मान वळवून पोरांशी हिंदी, आणि दोन्हीत सारख्याच रागावतात.

त्यांच्याकडे मला पोटभर भात मिळाला. "बिहारची पोरं राहत्यात ना, मावशी," भाभी म्हणाल्या. "भात नसला की तोंड पाडून बसत्यात. त्यांच्या नादानं माझी भाकरी सुटली."

बेडूक बघायला आलोय म्हटल्यावर त्या खूप हसल्या. "आमच्या मोरीत येत्यात की. सगळी घिऊन जावा. पाहिजे तर पिशवी देते."

वनखात्याची जागा खोल्यांच्या मागंच होती. तिथला मुरूम खणून नेलेला, त्यामुळे खड्डे. खड्ड्यांत पाणी आणि पाण्यावर साबणाचा फेस. एक पोरगा कपडे धूत होता. त्यानं विचारलं, "माताजी, क्या गिर गया?"

"कुछ नहीं. मेंढक देखती है," मी म्हटलं. माझी हिंदी एवढीच.

"यहाँ?" तो म्हणाला आणि परत कपडे आपटायला लागला.

अंधार पडेपर्यंत थांबलो. भेक निघाले, दिव्याखालचे किडे खायला. भेक कुठंही राहतो, असं सुनंदा म्हणाली. तिच्या बोलण्यावरून ते कौतुक होतं की तक्रार, ते कळलं नाही.

घरी येऊन तिनं भाभींना फुग्याचं वर्णन सांगितलं. भाभींनी भांडी घासता घासता ऐकलं आणि म्हणाल्या, "असलं निघालं होतं. पलीकडच्या रांगेचा पाया खणताना. टम्म. गवंडी म्हटला, भाभी, जमिनीतनं बटाटा निघाला. मग त्याला पाय फुटले तवा ओरडला."

"मग काय केलं त्याचं?"

"काय करायचं? फेकून दिलं."

"एकच होतं?"

भाभींनी हात थांबवले. सुनंदाचा चेहरा बघून त्यांना वाटलं असावं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. "एकच," त्या म्हणाल्या. मला ते खरं वाटलं नाही. तिच्या समाधानासाठी त्या तसं म्हणाल्या असाव्यात.

आता एकच जागा राहिली होती.

कासुर्डीच्या पलीकडे

वस्तीचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आमचं वाईट केलं असं कोणाला वाटायला नको.

आम्ही हायवेला उतरलो. तिथं वनखात्याचा गार्ड मोटारसायकल घेऊन उभा होता. साहेबांच्या वतीनं त्यानंच डोळ्यांनी बघायचं होतं. माणूस चांगला होता. त्यानं मला मागं बसवून वस्तीपर्यंत नेलं आणि मग सुनंदाला आणायला परत गेला. जाताना म्हणाला, "आप्पांना निरोप दिलाय. मॅडम तळ्याची पाहणी करायला येणार म्हटल्यावर कामालाच लागले."

आप्पा म्हणजे वस्तीतले जुने धनगर. वनखात्याच्या रोपांवर राखण करायला रोजावर असतात. मेंढरं त्यांच्या वडिलांनीच विकली. आता बाजरी आणि कांदा. घरात मेंढरांची खूण म्हणून घडी घातलेली एक घोंगडी आणि दारात दोन कुत्री, ज्यांना राखायला काही उरलेलं नाही, म्हणून ती पाहुण्यांवर भुंकतात. आप्पांची बायको हौसाबाई. तिनं गुळाचा चहा दिला. माझ्या चपलांकडे बघितलं, पण विचारलं काही नाही.

सुनंदा आल्यावर हौसाबाई ताटं करायला लागली. आप्पा म्हणाले, "आधी तळं बघा. जेवन काय पळून जात न्हाई." ते अंगात धुतलेला सदरा घालून तयार होते.

माळ उघडा. आमच्याकडे पावसाळ्यात दहा पावलांवरचं धुक्यात दिसत नाही, इथं हायवेवरचे ट्रकसुद्धा दिसतात. दोनतीन चांगले पाऊस पडून गेले होते, गवत घोट्याला लागत होतं. सुनंदा पुढं भराभर चालत होती. मी चपला हातात घेतल्या.

डबक्याची खूण लांबूनच दिसली. काठानं दगड मांडलेले आणि सगळ्या दगडांना चुना दिलेला. झेंडावंदनाला शाळेपुढं देतात तसा. काठचं गवत कापून काढलेलं. जमीन खराट्यानं झाडलेली, खराट्याचे फराटे दिसत होते. पाणी गुडघाभरही नसेल. इतकं स्वच्छ की तळाचा खडा न खडा दिसत होता.

"बगा," आप्पा म्हणाले. "आरशावानी ठिवलंय."

सुनंदा काठावर उभी राहिली. मी पाय धुवायला पाण्यात उतरले. माझ्या टाचांना भेगा आहेत. त्या अशा झोंबल्या की मी लगेच बाहेर आले. तेव्हा वासही आला. आमच्या ग्रामपंचायतीच्या टाकीला येतो तो.

"आप्पा," सुनंदा म्हणाली, "यात काय टाकलंय?"

"टीसीएल पावडर," आप्पा म्हणाले. "हिरीत टाकत्यात ती. ग्रामपंचायतीतनं मागून आनली. मागं आमच्या हिरीची पाहनी झाली तवा पानी नापास झालं, लई शोभा झाली. म्हनून म्हनलं, या टायमाला हात राखायचा न्हाई."

सुनंदा खाली बसली. गार्ड एकदा पाण्याकडे बघत होता, एकदा आप्पांकडे. निरोप त्यानं दिला होता, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पाहणीला कोणी येणार म्हटलं की आपल्याकडे लोक हेच करतात. आमच्या गावातही हेच केलं असतं.

मी तोंडावर बोलणारी आहे. मी म्हटलं, "आप्पा, आम्ही पाण्यातली बेडकाची पिल्लं बघायला आलो होतो. ती पावडरीनं मेली."

आप्पांना ते पटलं नाही. "आक्का, तीच पावडर आमच्या हिरीत पडती. आमची लेकरं पेत्यात ते पानी. कोन मेलं?"

"विहिरीला पाणी जास्त असतं, आप्पा," सुनंदा म्हणाली. "आणि त्यांची कातडी नाजूक. ती पाण्यातच श्वास घेतात."

"पन बेडूक त्यो. गटारात ऱ्हातो. त्याला घान पचती आन् पावडर पचंना व्हय?"

हौसाबाई आमच्या मागोमाग आली होती. ती म्हणाली, "काळं काळं तरंगत व्हतं खरं. म्या चाळनीनं काढलं. मॅडमला वंगाळ दिसाया नगं म्हनून."

"कुठं टाकलं?"

तिनं बाभळीकडे बोट दाखवलं. बाभळीच्या मुळाशी ओंजळ-दोन ओंजळींचा एक काळपट ढीग होता, उन्हानं वाळत आलेला. कावळ्यांनी बरंच नेलं होतं. सुनंदा त्या ढिगापाशी बसली. पिशवीतून तिनं भिंग काढलं, बाटलीतलं पाणी झाकणात घेतलं, आणि एकेक पिल्लू त्या पाण्यात भिजवून उताणं करून बघायला लागली. या कामात मी तिला मदत करू शकत नव्हते. मी नुसती बसले.

पिल्लांची तोंडं बघायची असतात, असं तिनं मला एसटीत सांगितलं होतं. बाकीच्या बेडकांच्या पिल्लांच्या तोंडाशी खरवडून खायला बारकी काळी चोच असते. फुग्याच्या पिल्लाला ती नसते. ते पाणीच गाळून पितं आणि त्यात येईल त्यावर जगतं. तिनं पुष्कळ पिल्लं बघून बाजूला टाकली. मग एक बराच वेळ हातात धरलं.

"मावशी, हे बघा."

मी भिंगातून बघितलं. मला एक वाळका ठिपका दिसला, आणि मी तसं सांगितलं.

"याला चोच नाही," ती म्हणाली. तिनं पुढचं घेतलं. त्यालाही नव्हती. त्याच्या पुढच्यालाही नव्हती. फुग्या एकटादुकटा नव्हता. यंदा त्या डबक्यात त्याची चांगली वीण झाली होती. सुनंदाच्या मास्तरांनाही इतकी एका ठिकाणी कधी मिळाली नसतील, असं ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. वर्गात शिकवत असल्यासारखी ती गार्डला सगळं समजावून सांगत होती, आणि तोही वाकून ऐकत होता.

शेवटी त्यानं विचारलं, "मॅडम, मेलेलं चालेल का साहेबांना?"

"तुम्ही काय सांगाल त्यांना?"

"मी बघितलं ते सांगीन. पण ते विचारणार, जिवंत होतं का. तिथं मी काय बोलू?"

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथं बसलो. एखादा मोठा बेडूक जवळपासच्या मातीत असेल, ओरडेल, अशी सुनंदाला आशा होती. आप्पांनी घोंगडी आणून मला बसायला दिली आणि स्वतः दगडांपाशी उभे राहिले. त्यांना कळत होतं की काहीतरी बिनसलंय, पण काय ते कळत नव्हतं. मध्येच एका दगडाचा चुना पुसला गेला होता, तो त्यांनी बोटानं सारखा केला. रातकिडे ओरडायला लागले. आणखी कोणी ओरडलं नाही.

जेवायला मटकी, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मी पोटभर जेवले. भूक लागली होती, आणि हौसाबाईच्या हाताला चव आहे. सुनंदानं भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला होता. हौसाबाई म्हणाली, "खावा की. आमच्याकडनं काय ऱ्हायलं का?" तेव्हा सुनंदानं सगळी भाकरी खाल्ली.

सकाळी निघताना आप्पा हायवेपर्यंत आले. एसटी दिसल्यावर त्यांनी सुनंदाला विचारलं, "मंग मॅडम, पास झालं का तळं?"

सुनंदा म्हणाली, "झालं, आप्पा." आणि गाडीत चढली. मी असते तर नाही म्हटलं असतं. पण त्यांनी मला विचारलं नाही.

परत आल्यावर

सुनंदा ती पिल्लं बाटलीत घालून साहेबांकडे घेऊन गेली. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडं होतं. साहेबांनी नीट बघितलं, वाईट वाटल्याचंही सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे होते, असं तुम्ही म्हणता. आज आहेत का?" सुनंदा म्हणाली, मोठे जमिनीत असतील. साहेब म्हणाले, असतील यावर मला जागा सोडता येत नाही. त्यात ते खोटं बोलत नव्हते.

हिवाळ्यात चर खणले. सुनंदानं गार्डला फोन करून विचारलं, खणताना काही निघालं का. तो म्हणाला, "टिकावाखाली काय काय येतं, मॅडम. कोण बघतंय."

पुढच्या पावसाळ्यात मी पुण्याला सुनंदाकडे होते. ती कॉलेजात गेली होती. फोन वाजला, तो मी घेतला. आप्पा होते.

"आक्का, सगळं चर पान्यानं भरल्यात. रोपं बी धरल्यात. पाहनीला कवा येताय?"

"येणार नाही, आप्पा."

"पावडर आनून ठिवलीय. पन मॅडमनी मागं सांगितलं तवापास्नं म्हनलं, इचारल्याबिगर टाकायची न्हाई. त्यांचं ते काय नाजूक आसतं ते मराया नगं."

मी म्हटलं, "आता तिथं काही नाही. चर खणले तेव्हाच गेलं."

मागं कुत्री भुंकत होती.

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

"बरं," आप्पा म्हणाले. "मंग आता टाकायला हरकत न्हाई."

मी विचार करून बघितला. खरंच काही हरकत नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं आणि फोन ठेवला.